आधी कापड पाहा, मग सुई घे

पोरी, गोधडी शिकायची म्हणतेस तर आज सुई-दोरा डब्यातच राहू दे. आधी गाठोडं सोड. घरात साचलेली लुगडी, पातळं, धोतरं, परकर, शर्ट, शिंप्याकडून आणलेल्या कतरणी, सगळं छपरीत पसर आणि एकेक कापड हातात घे. माझ्या सासूनं मला पहिल्या दिवशी एवढंच करायला लावलं होतं. "आधी कापड पाय, मंग सुई घे," ती म्हणायची. तिच्या सासूनंही तिला हेच सांगितलेलं. पुढं मी जे सांगणार आहे ती या एका वाक्याचीच फोड आहे.

गोधडी फाटते कशी, ते नीट बघ. टाका उसवून ती क्वचितच फाटते. बहुतेक वेळा एक कापड धड राहतं आणि त्याच्या शेजारचं शिवणीलगत चरचरत जातं. जुनं कापड वाईट म्हणून असं होत नाही, जोडी चुकली म्हणून होतं. ताज्या खोंडाबरोबर म्हातारा बैल जुंपला तर म्हातारा बसणारच. कोऱ्या पॉपलिनला वर्षानुवर्षं नेसलेलं लुगडं जोडलं की झोपणाऱ्यानं नुसती कूस बदलली तरी सगळी ओढ त्या लुगड्यावर येते. म्हणून कापडात दम किती उरला आहे ते बघायचं आणि सारख्या दमाचं कापड सारख्याशी जोडायचं.

दम बघायचा तो असा. कापड दारात नेऊन उजेडासमोर धर. वीण दाट दिसली तर चांगलं, पलीकडचं अंगण दिसायला लागलं तर विरलेलं. मग दोन्ही हातांच्या चिमटीत चार बोटांचं अंतर ठेवून धर आणि झटका न देता ओढ, आधी उभ्या धाग्यात, मग आडव्या धाग्यात. कापडानं आवाज न करता ओढ सोसली तर ते वरच्या थराला घे. बारीक कर्र वाजलं तर आतल्या थराला. अंगठा दाबताच भोक पडलं तर ते पोतेऱ्याचं, मन घट्ट करून बाजूला टाक. आईचं लुगडं आहे, टाकवत नाही, असं होतंच. मग त्याचा काठ काढून घे. काठ बहुधा शाबूत असतो.

एकच कापड सगळीकडं सारखं झिजत नाही, हे शिकायला मला फार वर्षं लागली नाहीत, कारण आमच्या काळी लुगड्याला दंड घालायची रीत घरोघरी होती. नेसून नेसून लुगडं बसायच्या जागी विरलं की तो भाग कापून टाकायचा आणि उरलेली दोन धड टोकं जोडून पुन्हा नेसायचं. त्यामुळं कुठं झिजतं ते डोळ्यांना ठाऊक असायचं. नऊवारी झिजते बसायच्या जागी आणि गुडघ्याशी. पाचवारी झिजते टाचेशी आणि कमरेला खोचतो तिथं. पदर शेवटपर्यंत टिकतो, फक्त खांद्यावर पिनेची भोकं पडतात. शर्टाची पाठ चांगली निघते, पण काखेत घामानं कापड कुजलेलं असतं, ती जागा हात राखून काप. धानाच्या रोवणीला नेसलेल्या लुगड्याचा खालचा भाग बांधीतल्या चिखलानं काळवंडलेला असतो. तो डाग जात नाही, पण कापड त्यामुळं कच्चं होत नाही. तळाच्या थराला खुशाल वापर.

आता सुती कोणतं आणि मिलावटी कोणतं. हल्ली दुकानदारही छातीठोक सांगत नाहीत, म्हणून स्वतः बघ. कापडाचा एक धागा उपस, चिमट्यात धर, पदर आवर आणि दिव्याच्या ज्योतीला लाव. सुती धागा कागदाप्रमाणं जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिस्टरच्या साड्या वाया घालवू नकोस, पण त्यांची वेगळी गोधडी कर. ती उन्हाळ्यात अंगाला चिकटते, घाम टिपत नाही, सतरंजीवर अंथरायला किंवा प्रवासात न्यायला चालते. सुती थरात मात्र एकही पॉलिस्टरचा तुकडा नको. धुतल्यावर सुती कापड आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि दोघांच्या मधे फुगे येतात. बनियनचं आणि टी-शर्टचं ताणणारं कापडही तसंच. त्याचं पायपुसणं कर. जीन्सची बसकरं होतात, गोधडीत ती घातली तर सुई तरी मोडते नाहीतर बोट तरी.

कोशाच्या रेशमाचं काय, हा प्रश्न आपल्या भागात विचारायलाच हवा, कारण आपल्या भंडारा जिल्ह्यात कोसा हा घरचा माल. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावची कोशाची साडी नावाजलेली, आणि ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळायचं काम ढीवर समाजातली माणसं पिढ्यान्पिढ्या करत आली. विणकराकडं कोशाच्या कतरणी स्वस्तात मिळाल्या की हात शिवशिवतो. पण घाटावर आपटून धुवायच्या गोधडीत कोसा घालू नकोस. रेशमाला सोडा आणि खार सोसत नाही, पिळलं की मोडतं. कोशाचे तुकडे साठव, सारख्या पोताचे निवड, आणि मऊ सुती अस्तर लावून खांद्यावर घ्यायची हलकी चादर शिव. ती साध्या पाण्यात, सौम्य साबणानं, सावलीत वाळवायची.

गोधडीचं खरं कापड म्हणजे हातमागाचं सुती लुगडं. मोहाडी आणि पवनी ही आपल्याकडची जुनी विणकरांची गावं. कोष्ट्यांच्या मागावरच्या लुगड्याचं पोत थोडं जाड, सूत भरदार, आणि दरेक धुण्याला ते मऊ होत जातं. तुला माहेरच्या पेटीत असं एखादं सापडलं तर ते वरच्या थराला राखून ठेव. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून गिरणीचं धोतर आणि मांजरपाटही आपल्याकडच्या गोधडीत येत गेलं. ती गिरणी आता नाही, पण तसलं गिरणीचं धोतर आतल्या थराला फार चांगलं: रंग जात नाही, वजन नाही, घाम टिपतं.

निवडलेलं सगळं आधी धू. हे टाळलंस तर पुढची मेहनत पाण्यात. भाताच्या पेजेची खळ असलेली साडी तशीच शिवली तर कसर आणि झुरळं त्या खळीवर येतात, उंदीरही येतो. आपल्याकडं घरात धान्य असतंच, त्यात आणखी आमंत्रण कशाला. कोऱ्या कतरणी रात्रभर पाण्यात भिजू दे, दुसऱ्या दिवशी गरम पाण्यातून काढ, म्हणजे जे आटायचं ते आताच आटेल. लाल, किरमिजी आणि गर्द निळ्या कापडावर ओला पांढरा फडका दाबून बघ. रंग उतरला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धू. तरीही उतरतच राहिला तर त्याला काळ्या कापडाच्या शेजारी जागा दे, पांढऱ्याच्या नको.

बटणं, चेन, हुक, टिकल्या, जर, बकरम घातलेली कॉलर, हे सगळं आधी काढ. जाड शिवण उसव, उसवताना ओढू नकोस, दोऱ्याचा टाका टाका काप. साडीचा फॉल काढलास की त्याखाली सहसा नवं राहिलेलं कापड मिळतं. ती पट्टी कडेला लावायला ठेव.

मापाचा हिशेब सोपा आहे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. तिची चौघडी घातली की दोन मीटर लांब आणि पन्ह्याएवढी रुंद गादी तयार, एका माणसाला पुरते. पाचवारी साडेपाच मीटर; तिचे तीन तुकडे केले की प्रत्येक सहा फुटांचा. रुंदी वाढवायची तर दोन पन्हे जोडावे लागतात, तेव्हा एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या जोडावर येऊ देऊ नकोस. जोडावर जोड आला की तिथं पाठीला टोचतं आणि धुताना तीच जागा आधी तुटते. सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेला ठेव. एक थर उभा आणि एक आडवा झाला तर पहिल्या धुण्यालाच गोधडी वाकडी होते आणि मग ती कधी सरळ होत नाही.

थर किती? उन्हाळ्यात पांघरायला दोन पुरे. थंडीला पाच-सहा. धान घरात येतं त्या दिवसांत आपल्याकडं जो गारठा पडतो तो सोसायचा तर याहून कमी चालत नाही, पण सहाच्या वर जाऊ नकोस; सुई सरळ उतरत नाही आणि ओली गोधडी उचलवत नाही. ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांमधे अडकलेल्या हवेनं येते, म्हणून एक जाड चादर घालण्यापेक्षा दोन पातळ लुगडी घातलेली बरी. जमिनीवर किंवा तणशीवर अंथरायच्या गोधडीचा तळ मात्र गर्द रंगाचा आणि खरबरीत ठेव, तणशीचं कूस मऊ कापडात रुतून बसतं.

थर लावायचे तेव्हा जमीन झाडून घे, चटई टाक, तळाचं कापड सुलट बाजू खाली करून पसर. मधल्या थरात विरलेले तुकडे मांडताना त्यांना शिवून जोडायची गरज नाही, दोन बोटं एकमेकांवर चढव, बस. अगदी लहान चिंध्या असतील तर एखाद्या धोतराच्या पानावर आधी टाचून घे, नाहीतर त्या धुण्यात गोळा होऊन एका कोपऱ्यात जातात. शेवटी वरचं कापड. चार कोपऱ्यांवर पितळेचे गुंड ठेव. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, घरात जड गुंड असतोच. पाण्याचा हलका शिपका मार आणि तळहातानं मधून कडेकडं सुरकुती ढकलत ने.

आता सुई. इथला कानमंत्र पाठच कर: कच्चा टाका मधून कडेला, पक्का टाका कडेकडून मध्याला. कच्चा टाका म्हणजे बोटबोटभर लांब टाचण. ती मधोमध अधिकाच्या फुलीत घालून चारही बाजूंना न्यायची, म्हणजे थरातला ढिलेपणा बाहेर निघून जातो. मग कडा आत दुमडून पक्का धावदोरा कडेला सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत यायचं. कडा आधी बंद झाल्यानं कापडाचे धागे सुटत नाहीत, आणि चार जणी चार बाजूंना बसून शिवू शकतात. उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या छपरीत असंच चालायचं. रोवणी लागली की कुणाला सवड नसायची, म्हणून मृग लागायच्या आत गोधडी उठलीच पाहिजे असा नेम.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, वर जितका दिसतो तितकाच खाली. दोन ओळींमधलं अंतर किती ठेवायचं हे बायका विचारतात आणि जो तो आपलं माप सांगतो. मला विचारशील तर आतल्या कापडाला विचार. आत धड कापड असेल तर दोन बोटं चालतील. आत विरलेलं असेल तर एक बोट, त्याहून जास्त नाही. दोन ओळींच्या मधे जेवढं कापड मोकळं राहतं तेवढ्यालाच स्वतःच्या बळावर ओढ सोसावी लागते. ओळी जवळ आल्या की ओढ दोऱ्यावर आणि सगळ्या थरांवर वाटली जाते, आणि उजेडात अंगण दिसणारं कापडही पुढं कितीतरी वर्षं काम देतं. दाट टाक्याची हौस नक्षीसाठी करतात असं पाहुण्यांना वाटतं. नक्षी दिसते खरी, पण आमच्या म्हाताऱ्यांनी ती विरलेल्या कापडाला आधार म्हणून घातली.

दोरा सुतीच घे, दोनपदरी. आजकाल सगळ्या दुकानांत पॉलिस्टरचा चकचकीत दोरा पुढं करतात. तो तुटत नाही म्हणून विकतात आणि मी त्याच कारणासाठी घेत नाही. ओढ बसली की काहीतरी तुटणारच. दोरा तुटला तर पाच मिनिटांत टाका घालता येतो. दोरा तुटला नाही तर तो जुन्या कापडाला कापत जातो आणि मग गोधडीभर चिरा पडतात. दोऱ्याची लांबी हातभर, कोपरापर्यंत. लांब दोऱ्याचा पीळ सुटतो, गाठी बसतात आणि नेढ्यात घासून तो टोकाशी कापूस होतो. मेणाच्या गोळीवरून एकदा ओढून घे, वळण सरळ होतं.

सुई बारीक. दाभण गादीला, पोत्याला. विरलेल्या कापडात दाभण घुसलं की धागे बाजूला सरकत नाहीत, तुटतात. सुई अडायला लागली की केसांतून एकदा फिरव, तेलानं ती सुळकन जाते. डावा हात गोधडीखाली ठेव आणि सुईचं टोक बोटाला लागलं की लगेच वर वळव. खालचा थर टाक्यात आला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, खालच्या बोटालाच कळतं. तीन-चार टाके सुईवर घे मग ओढ. दोरा कापडावर टेकेल एवढाच ओढायचा. चुण्या पडल्या तर जास्त ओढलास. अंगुस्तान वापर, बोटाला घट्टे पडणं हे काही कसबाचं लक्षण नव्हे.

गाठ कधी वर ठेवायची नाही. सुरुवातीची गाठ हलका झटका देऊन थरांच्या आत ओढून घे. शेवटाला दोन उलट टाके घाल आणि उरलेला दोरा आतून वीतभर फिरवून काप. उठताना सुई गोधडीत खोचून ठेवू नकोस. सुईत नेहमी लाल दोऱ्याचं शेपूट असू दे, हरवली तर दिसते. आणि कितीही घाई असो, बसताना मोजलेल्या सुया उठताना मोजल्याशिवाय गोधडी घडी करायची नाही.

मशीन वापरू का, असं विचारशील. तुकडे जोडायला, कडेची पट्टी लावायला खुशाल वापर, सरळ शिवण येते आणि वेळ वाचतो. पण विरलेल्या थरांवर मशीनचा धावदोरा नको. मशीनची सुई एका बोटाच्या अंतरात इतकी भोकं पाडते की जुनं कापड त्या रेघेवरच फाटतं. कापड सगळं धड असेल तर टाका मोठा करून मशीनवर चालव, माझी हरकत नाही.

तुकड्यांची गोधडी ही निराळी विद्या. त्यात मन रमतं, म्हणून नव्या पोरी तिथूनच सुरुवात करतात. तुझ्या हाताला धावदोरा बसल्यावर तिकडं वळ. पुठ्ठ्याचा चौकोन कापून घे, त्याच्याभोवती अर्धं बोट शिवण सोडून तुकडे काप, सगळे उभ्या धाग्यात. त्रिकोणाची तिरकी बाजू ताणते; तिला हात लावशील तितकी ती वाढते, म्हणून तिरक्या बाजूला सरळ धाग्याचं कापड जोड. गर्द आणि फिका शेजारी आले की डोळ्याला गोड दिसतं, पण रंग जुळवताना दम विसरू नकोस. सुंदर लाल तुकडा विरलेला असेल तर त्याच्या पाठीला दुसरं पातळ कापड लाव आणि दोन्ही मिळून एक समज.

तुकडे जोडून वस्त्र करायची ही रीत आपल्या मातीत किती जुनी आहे, ते पवनीला जाऊन आलं की मनात येतं. तिथं १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूप उजेडात आले. त्या काळचे भिक्खू टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे शिवून चीवर करत. विनयपिटकात सांगितलंय की बुद्धांनी मगधातली बांध घातलेली भातशेतं पाहिली आणि आपल्या शिष्याला, आनंदाला, तशाच आखणीचं चीवर करता येईल का, म्हणून विचारलं. आनंदानं ते केलं. आजही चीवराच्या शिवणीत त्या बांधांच्या रेघा असतात. आपण धानाची माणसं. टेकडीवरून खाली बघितलं की बांध्या, धुऱ्या सगळं तसंच आखलेलं दिसतं. नमुना हवा असेल तर शोधायला लांब जाऊ नकोस, त्या आखणीची गोधडी कर: मोठा तुकडा, लहान तुकडा, मधे अरुंद पट्टी, आणि बांध सरळ नसला तरी चालतो.

दुसरं एक शिकण्याजोगं आहे ते कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायकांचं. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात त्या कवंदी नावाची त्यांची गोधडी शिवतात. कोपऱ्यापासून सुरू करतात आणि मध्याला येऊन थांबतात, आपल्याचसारखं. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावल्याशिवाय त्यांच्या लेखी कवंदी पुरी होत नाही. मी ती रीत कोपऱ्यांसाठी उचलली. शोभा तर येतेच, पण कोपरा सगळ्यात जास्त ओढला जातो, आणि घडीचा जाड त्रिकोण तिथं आधार देतो.

बाळाच्या दुपट्याची गोष्ट वेगळी, तिथं माझं ऐकच. कापड फक्त सुती, फक्त जुनं, आणि शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अंगावरचं. जुन्या माणसाचं कापड बाळाला लाभतं अशी श्रद्धा आहे. श्रद्धा बाजूला ठेवलीस तरी शेकडो वेळा धुतलेल्या धोतराइतकं मऊ दुसरं काही नाही आणि त्यात खळ-रंग उरलेला नसतो. थर तीनच, कारण ते रोज धुवायचं आणि रोज वाळायला हवं. टाका बारीक आणि दाट, ओळी अगदी जवळ. लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं. सुटा दोरा तर त्याहून वाईट. तो पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजतं आणि बाळ का रडतं ते कळत नाही. दर धुण्यानंतर दुपट्यावर उलट-सुलट हात फिरव, दोरा निघाला असेल तिथं लगेच काप आणि पक्का कर. टिकली, मणी, लोकर, घुंगरू काही लावू नकोस. दुपटं खाली अंथरायचं. जाड गोधडी तान्ह्याच्या अंगावर तोंडापर्यंत ओढायची नाही, कितीही थंडी असो. अंगात कुंची-अंगडं घाल.

धुणं घटस्थापनेच्या आधी. पाऊस सरलेला असतो, तलाव भरलेले, ऊन कडक. गोधडी रात्रभर रिठ्याच्या पाण्यात भिजव. आपटायची असेल तर दगडावर पसरून मोगरीनं हलक्या हातानं थोप, उचलून आपटू नकोस. पाणी पिऊन ती इतकी जड होते की स्वतःच्या वजनानंच शिवणी तोडते. पीळ घालून पिळायचं नाही. दोघींनी दोन टोकं धरून घडी घाला आणि पाटावर दाबून पाणी काढा. वाळवायला बांबू, लोखंडी तार नको, गंजाचा डाग जन्मभर राहतो. एक दिवस एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी, आणि मधला थर वाळलाय की नाही हे घडी घालून पोटाशी धरल्यावर कळतं. गार लागली तर अजून ऊन दे. कडुनिंबाचा वाळलेला पाला घडीत घाल. श्रावणातल्या झडीत गोधड्या पेटीत कोंडू नकोस, दांडीवर मोकळ्या ठेव, आणि उघडीप मिळाली की बाहेर काढ.

फाटली तर लगेच ठिगळ लाव, उद्यावर टाकू नकोस. ठिगळाचं कापड गोधडीइतकंच धुतलेलं हवं. भोकाएवढं ठिगळ उपयोगाचं नाही. भोकाच्या चहूकडं चाचपत जा, जिथं कापड पुन्हा धड लागतं तिथपर्यंत ठिगळ ने. त्याचे कोपरे गोल कर, टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचकटतो. खालचं विरलेलं कापड कापून टाकू नकोस, तेही थोडा भार घेतंच. रंग जुळला नाही तर लाजायचं कारण नाही. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले वऱ्हाडातले गाडगेबाबा ठिगळांचं वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव फिरले, लोक त्यांना गोधडेबाबा म्हणायचे, आणि त्यांच्यापुढं मोठमोठी माणसं हात जोडून उभी राहत. ते ज्या गावात जात तिथली गटारं आधी झाडत. फाटकं असावं, मळकं असू नये, हे त्यांच्याकडून शिकावं.

सगळा वरचा थरच विरला तर गोधडी टाकायची नाही. तिच्यावर आणखी एक लुगडं चढव आणि जुन्या ओळींच्या मधून नव्या ओळी घाल. आमच्या घरात अशी एक आहे, तिच्या पोटात तीन पिढ्यांची लुगडी आहेत. फक्त दर वेळी चढवायच्या आधी ओली करून उचलून बघ. एकट्या बाईला ओली गोधडी उचलवली नाही तर तिला आता आणखी कापड नको.

बचत गटातून विकायचं तुझ्या मनात आहे, ते चांगलंच आहे. बचत गटांच्या सरस प्रदर्शनात शहरातली माणसं गोधडीवरून हात फिरवतात, भाव विचारतात आणि यंत्राच्या रजईशी तुलना करतात. भाव पाडून देऊ नकोस. किती दुपारी बसलीस ते कापडाच्या किमतीबरोबर धर आणि तसं सांग, ऐकणारे ऐकतात. मशीनवर शिवलेली हाताची म्हणून कधीही विकायची नाही. विकण्यासाठी नवं कापड आणून त्याचे तुकडे करायचे हेही मला पटत नाही, घरोघरी इतकं जुनं सुती पडून असताना. ज्यांचं कापड त्यांनाच शिवून दे, आजीचं लुगडं घेऊन लोक येतात, त्या कामाला मोल जास्त आणि मनही लागतं. देताना एक चिठ्ठी बरोबर दे: आत काय काय आहे, हाताची की मशीनची, कशी धुवायची. आणि त्याच लुगड्याचा वीतभर तुकडा घडीत घालायला विसरू नकोस. पुढं ठिगळ लागलं तर त्याच दमाचं कापड त्यांना बाजारात मिळणार नाही.